पर्जन्यमापकातील आकड्यापासून मान्सूनच्या अंदाजापर्यंत : संस्थेत विदेचे ज्ञान कसे होते?

१. प्रस्तावना

तुम्ही ज्या दिवशी हा पाठ वाचत आहात त्या दिवशी सकाळी साडेआठ वाजता देशभरातील वेधशाळांमध्ये आणि अनेक तालुक्यांच्या ठिकाणी कोणीतरी पर्जन्यमापक उघडला असेल. आत पाणी साठले असेल तर ते मोजपात्रात ओतून नोंदवहीत एक आकडा लिहिला असेल. समजा, तो आकडा १२.४ मिलिमीटर आहे. या आकड्याचा उपयोग काय? नुसत्या आकड्याकडे पाहून शेतकऱ्याला पेरणी करावी की थांबावे हे कळत नाही. सरकारलाही धान्याचा साठा वाढवावा की नाही हे कळत नाही.

अशा सुट्या नोंदींना आपण या पाठात ‘विदा’ म्हणू. रोजच्या बोलण्यात आपण त्यालाच डेटा म्हणतो. या नोंदी ठिकाण आणि काळ यांनुसार लावून, सरासरीशी ताडून पाहिल्या की ‘माहिती’ मिळते. उदाहरणार्थ, ‘या तालुक्यात जूनअखेर सरासरीच्या साठ टक्केच पाऊस झाला’ हे वाक्य माहिती आहे. पाऊस कमी का झाला, पुढे काय होण्याची शक्यता आहे आणि त्यासाठी काय करावे, हे आपण पुरेशा खात्रीने सांगू शकलो, तर त्याला ‘ज्ञान’ म्हणता येईल.

व्यवस्थापनाच्या पुस्तकांत विदा, माहिती आणि ज्ञान या तीन पायऱ्या एका त्रिकोणात दाखवतात. खाली विदेचा रुंद पाया आणि वर ज्ञानाचे टोक. चित्र सोपे आहे, पण ते पाहून असा समज होतो की पुरेशी विदा साठवली की ज्ञान आपोआप वर येते. प्रत्यक्षात तसे घडते का? हे तपासण्यासाठी आपण एकाच संस्थेचा इतिहास पाहणार आहोत. ती संस्था म्हणजे १८७५ मध्ये स्थापन झालेला भारतीय हवामान विभाग. मान्सूनचा अंदाज वर्तवण्याचे या विभागाचे प्रयत्न जवळजवळ दीडशे वर्षांचे आहेत आणि त्यांत यशाइतकेच अपयशही आहे. आपल्या प्रश्नाचे उत्तर शोधताना अपयशाचे प्रसंग अधिक उपयोगी पडतात, असे तुम्हाला दिसेल.

२. नोंदी होत्या, विभाग नव्हता

हवामानाच्या नोंदी १८७५ पूर्वीही होत होत्या. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात कलकत्ता आणि मद्रास येथे अठराव्या शतकाच्या अखेरीस अशी निरीक्षणे सुरू झाली. मुंबईत कुलाबा येथे १८२६ मध्ये वेधशाळा उभी राहिली आणि १८४१ पासून तेथे हवामानाच्या व पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. कलकत्त्यातील हेन्री पिडिंग्टन याने जहाजांच्या रोजनिशा गोळा करून बंगालच्या उपसागरातील वादळांचा अभ्यास केला. ‘सायक्लोन’ हा आज सर्वत्र वापरला जाणारा शब्द त्यानेच घडवला आणि १८४८ च्या आपल्या पुस्तकातून प्रचारात आणला.

मग उणीव कशाची होती? प्रत्येक ठिकाणची नोंद स्वतंत्र होती. कोठे डॉक्टर, कोठे लष्करी अधिकारी, तर कोठे एखादा हौशी अभ्यासक आपापल्या सोयीच्या वेळी, आपापल्या उपकरणाने मोजमाप करत असे. वायुदाबमापकाचेच उदाहरण घ्या. शिमल्याचा दाब मुंबईपेक्षा कमीच येणार, कारण शिमला उंचावर आहे. उंचीमुळे पडणारा फरक वजा केल्याशिवाय दोन्ही आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नाही. त्यातच एका ठिकाणची नोंद सकाळची आणि दुसऱ्या ठिकाणची दुपारची असेल, तर त्यांचा एकत्र नकाशा काढता येत नाही. म्हणजे विदा भरपूर होती, पण ती एकमेकींशी बोलत नव्हती.

ही स्थिती बदलली ती संकटांमुळे. ऑक्टोबर १८६४ मध्ये कलकत्त्याला मोठ्या चक्रीवादळाने झोडपले. सुमारे साठ हजार माणसे त्यात मेली असे मानले जाते. पुढच्याच महिन्यात मच्छलीपट्टणमच्या किनाऱ्यावर दुसरे वादळ आले. १८६६ च्या ओरिसातील दुष्काळात सुमारे दहा लाख लोक दगावले. तेव्हा काही प्रांतांनी हवामानाच्या नोंदींसाठी स्वतंत्र अधिकारी नेमले, पण वादळ आणि मान्सून प्रांतांच्या सीमा ओळखत नाहीत. अखेर १८७५ मध्ये संपूर्ण देशासाठी एक विभाग निर्माण झाला आणि हेन्री ब्लॅनफर्ड याची त्याच्या प्रमुखपदी नेमणूक झाली.

३. ब्लॅनफर्डचे पहिले काम : मोजमाप एकसारखे करणे

ब्लॅनफर्ड मूळचा भूगर्भशास्त्रज्ञ. तो पुढे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात प्राध्यापक झाला. १८६४ च्या वादळावरील अहवाल लिहिणाऱ्यांत तो होता, त्यामुळे विस्कळीत नोंदींतून निष्कर्ष काढणे किती अवघड असते याचा अनुभव त्याने घेतला होता. प्रमुख झाल्यावर उपकरणे प्रमाणित करणे, निरीक्षणांच्या वेळा ठरवणे, वायुदाबमापक एकमेकांशी ताडून पाहणे, केंद्रांची तपासणी करणे आणि ठरावीक नमुन्यात तक्ते मागवणे ही कामे त्याने प्रथम हाती घेतली.

हे काम तुम्हाला कारकुनी वाटेल. पण विदेपासून माहितीपर्यंतचा प्रवास याच टप्प्यावर अडतो किंवा सुरू होतो. तारायंत्रामुळे दूरच्या केंद्रांचे आकडे त्याच दिवशी एका ठिकाणी येऊ लागले आणि १८७८ पासून रोजचा हवामान अहवाल निघू लागला. नकाशावर शेकडो मैलांवरचे दाब शेजारी शेजारी मांडता आल्यावर, एकट्या निरीक्षकाला कधीच दिसले नसते असे कमी दाबाचे क्षेत्र आणि त्याची वाटचाल दिसू लागली. तोपर्यंत सुटे असलेले आकडे आता माहिती झाले होते.

मोजमापाच्या शिस्तीचे हे काम एकदा करून संपत नाही. स्वातंत्र्यानंतर तेच काम नव्याने करावे लागले, कारण तोवर उपकरणे परदेशातून येत होती. अण्णा मणी या १९४८ मध्ये हवामान विभागाच्या पुणे कार्यालयात रुजू झाल्या. सुमारे शंभर उपकरणांचे आराखडे प्रमाणित करून ती देशातच बनवण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. अंदाज वर्तवणाऱ्यांची नावे वर्तमानपत्रांत येतात, उपकरणे अचूक ठेवणाऱ्यांची सहसा येत नाहीत. परंतु मूळ मोजमाप चुकीचे असेल, तर पुढचे सारे गणित चुकीच्या पायावर उभे राहते.

४. दुष्काळ, बर्फ आणि पहिला अंदाज

विभाग स्थापन होऊन दोन वर्षे होतात न होतात तोच १८७७ चा मान्सून फसला. १८७१ पासूनच्या अखिल भारतीय पावसाच्या नोंदींत ते सर्वांत कोरडे वर्ष आहे. १८७६ ते १८७८ या काळात मद्रास, म्हैसूर, मुंबई इलाख्याचा दख्खन भाग आणि हैदराबाद येथे भीषण दुष्काळ पडला. मृतांची संख्या पन्नास लाखांहून अधिक होती, असे बहुतेक अंदाज सांगतात.

येथे थोडे थांबून एक गोष्ट लक्षात घ्या. पाऊस पडला नाही ही माहिती सरकारकडे होती. तरी लॉर्ड लिटनच्या सरकारने पाठवलेल्या सर रिचर्ड टेंपल याने दुष्काळी कामांवरील मजुरांसाठी दिवसाला एक पौंड, म्हणजे सुमारे साडेचारशे ग्रॅम धान्य आणि वर एक आणा एवढीच मजुरी सुचवली. मद्रासचे सॅनिटरी कमिशनर डॉ. कॉर्निश यांनी एवढ्या अन्नावर कष्टाचे काम करणारा माणूस जगू शकत नाही, असे सांगून विरोध केला. इकडे १८७० मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने आपल्या प्रतिनिधींमार्फत दख्खनच्या जिल्ह्यांतील दुष्काळाची हकीकत गोळा केली आणि अहवालांच्या रूपाने सरकारपुढे मांडली. एकाच दुष्काळाची विदा तीन ठिकाणी जमा होत होती : हवामान विभागात मिलिमीटरच्या जागी तेव्हाच्या इंचांत, वैद्यकीय खात्यात मृत्यूंच्या संख्येत आणि सभेच्या दप्तरात गावांच्या हकीकतीत. प्रत्येकाचा प्रश्न वेगळा होता, म्हणून प्रत्येकाच्या हाती आलेले ज्ञानही वेगळे होते. कोणती विदा ऐकून घ्यायची हे मात्र सत्ता ठरवत होती.

दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगाने १८८० मध्ये अहवाल दिला. त्यातून १८८३ मध्ये दुष्काळ संहितेचा मसुदा तयार झाला. धान्याचे भाव चढणे, लोकांनी गावे सोडणे अशा खुणा दिसू लागल्या की प्रशासनाने काय करावे, याची तरतूद त्यात होती. पाऊस कमी पडणार हे आधीच कळावे, ही अपेक्षाही आता हवामान विभागाकडून होऊ लागली.

ब्लॅनफर्डच्या लक्षात एक गोष्ट आली होती. ज्या वर्षी पश्चिम हिमालयात हिवाळ्यात आणि वसंतात जास्त बर्फ पडतो, त्या वर्षी पुढचा मान्सून कमजोर असतो. १८८४ मध्ये त्याने ही कल्पना शोधनिबंधात मांडली. १८८२ ते १८८५ या वर्षांत प्रायोगिक अंदाज करून पाहिले, ते उत्साह वाढवणारे ठरले. ४ जून १८८६ रोजी विभागाने मान्सूनचा पहिला नियमित दीर्घ पल्ल्याचा अंदाज प्रसिद्ध केला.

ही घटना आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. ‘गेल्या वर्षी पाऊस का पडला नाही’ याचे स्पष्टीकरण देणे सोपे असते, कारण उत्तर आधीच माहीत असते. पाऊस पडण्यापूर्वी तारीख घालून विधान करणे म्हणजे आपले म्हणणे सर्वांसमोर चुकीचे ठरू देण्याची तयारी ठेवणे. माहितीचे ज्ञानात रूपांतर व्हायचे तर ही कसोटी टाळता येत नाही.

५. १८९९ : कसोटीचे वर्ष

ब्लॅनफर्डनंतर १८८९ मध्ये जॉन एलियट प्रमुख झाला. त्याने बर्फाबरोबर हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलिया येथील स्थितीचाही विचार सुरू केला. अंदाज लांबलचक होऊ लागले. जितके घटक अधिक तितका अंदाज चांगला, असे वरवर वाटते. पण हे घटक एकत्र कसे करायचे, कोणाला किती वजन द्यायचे, याचा ठरलेला नियम नव्हता. ते अनुभवी अधिकाऱ्याच्या मनातच होते.

१८९९ साली चांगल्या पावसाचा अंदाज दिला गेला आणि मान्सून पूर्णपणे फसला. १८७१ पासूनच्या नोंदींत १८७७ च्या खालोखाल कोरडे वर्ष हेच. राजस्थान आणि गुजरातेत आजही हा दुष्काळ विक्रम संवत १९५६ वरून ‘छप्पनिया’ म्हणून ओळखला जातो. वर्तमानपत्रांनी विभागावर कडक टीका केली. पुढे काही वर्षे अंदाज जाहीर न करता केवळ सरकारी वापरासाठी गोपनीय ठेवले गेले.

चूक झाल्यावर संस्थेपुढे दोन वाटा असतात. एक, चूक लपवणे किंवा अंदाजच लोकांपासून दूर ठेवणे. दुसरी, अंदाज करण्याची रीत तपासणे. हवामान विभागाने आधी पहिली वाट धरली आणि मग दुसरी. एलियटने आपल्या जागी हवामानतज्ज्ञ न सुचवता गणितज्ञाची निवड केली. त्याचे नाव गिल्बर्ट वॉकर.

६. वॉकर आणि कारकुनांची गणिते

वॉकर १९०४ मध्ये विभागाचा प्रमुख झाला, तेव्हा त्याला हवामानशास्त्राचा अनुभव नव्हता. केंब्रिजच्या गणित परीक्षेत तो १८८९ मध्ये पहिला आला होता आणि बूमरँग कसे उडते याच्या अभ्यासामुळे मित्रांत ओळखला जात होता. वातावरणाची समीकरणे सोडवून मान्सूनचे उत्तर मिळणे त्या काळात शक्य नाही, हे त्याने ओळखले. मग त्याने प्रश्न बदलला. ‘मान्सून का येतो?’ याऐवजी ‘जगात कोठे काय घडले की पुढे मान्सून कमी किंवा जास्त होतो?’ असा प्रश्न त्याने नोंदवह्यांना विचारला.

यासाठी त्याने सहसंबंध गुणांकाचा वापर केला. दोन गोष्टी किती प्रमाणात एकत्र वाढतात किंवा कमी होतात हे उणे एक ते अधिक एक या दरम्यानच्या संख्येने सांगणारे हे माप कार्ल पिअर्सन यांनी नुकतेच रूढ केले होते. समजा, एका बाजूला चाळीस वर्षांचा भारतातील पाऊस आणि दुसऱ्या बाजूला चाळीस वर्षांचा मॉरिशसचा वायुदाब आहे. हे दोन रकाने घेऊन एक गुणांक काढायचा. मग महिना बदलून पुन्हा, ठिकाण बदलून पुन्हा. आज तुमच्या मोबाईलवर हे गणित क्षणात होईल. तेव्हा ते शिमल्याच्या कार्यालयातील भारतीय कर्मचारी हाताने करत असत. जगभरातून मागवलेल्या दाब, तापमान आणि पाऊस यांच्या तक्त्यांवर वर्षानुवर्षे ही गणिते चालली. वॉकरचे नाव इतिहासात राहिले, पण ते काम एका माणसाचे नव्हते, एका कार्यालयाचे होते.

१९०९ पासून विभाग गणिती सूत्राच्या आधारे अंदाज देऊ लागला. सूत्रात हिमालयातील बर्फ, मॉरिशसचा वायुदाब, दक्षिण अमेरिकेतील वायुदाब आणि झांझिबारचा पाऊस असे घटक होते. कोणत्या घटकाला किती वजन हे आता कागदावर लिहिलेले होते. त्यामुळे अंदाज चुकला तर नेमके काय चुकले हे दुसऱ्या कोणालाही तपासता येणार होते. एलियटचा अनुभव एलियटबरोबर निवृत्त झाला. वॉकरचे सूत्र मात्र संस्थेकडे राहिले. एका व्यक्तीला माहीत असणे आणि संस्थेला माहीत असणे यांतील फरक तुम्हाला येथे स्पष्ट दिसेल.

वॉकरला एका धोक्याचीही जाणीव होती. शेकडो जोड्यांचे सहसंबंध काढले, तर त्यांतले काही केवळ योगायोगाने मोठे येणारच. शंभर विद्यार्थ्यांनी प्रत्येकी दहा वेळा नाणे उडवले, तर एखाद्याला नऊ वेळा छाप मिळेल. म्हणून त्याच्या हातात काही विशेष गुण आहे असे आपण म्हणत नाही. अनेक गुणांकांतून निवडलेला सर्वांत मोठा गुणांक खरा मानण्यासाठी निकष अधिक कडक असला पाहिजे, असे वॉकरने १९१४ मध्ये गणिताने दाखवले. आज प्रचंड विदेतून नमुने शोधणाऱ्या प्रत्येकाला हा इशारा तितकाच लागू आहे.

देशाची एकच सरासरी पुरेशी नाही हेही त्याने जाणले आणि द्वीपकल्प, वायव्य भारत असे भाग करून त्यांचे वेगळे अंदाज देण्याची पद्धत आणली. महाराष्ट्रातील उदाहरण घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाचशे सेंटिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर पूर्वेला थोड्याच अंतरावर असलेल्या वाईला त्याच्या एक-पंचमांशाहूनही कमी. या दोहोंची सरासरी काढली, तर ती ना महाबळेश्वरच्या कामाची, ना वाईच्या. सरासरी काढताना माहिती मिळते तशीच हरवतेही.

७. शोधले एक, सापडले दुसरे

वॉकरची सूत्रे अपेक्षेइतकी टिकली नाहीत. एका काळात घट्ट दिसणारे संबंध पुढच्या काळात सैल झाले. हिमालयातील बर्फाचा संबंधही पूर्वीसारखा भरवशाचा राहिला नाही. १९२४ मध्ये वॉकर निवृत्त होऊन लंडनला परतला, तेव्हा मान्सूनचा खात्रीचा अंदाज त्याच्या हाती आलेला नव्हता.

पण त्या तक्त्यांतून वेगळेच काही पुढे आले होते. प्रशांत महासागराच्या दक्षिण अमेरिकेकडील भागात हवेचा दाब वाढला की हिंदी महासागर आणि ऑस्ट्रेलियाच्या बाजूला तो कमी होतो, आणि उलटही घडते. लहान मुलांच्या खेळातील फळी एका बाजूने वर गेली की दुसऱ्या बाजूने खाली जाते, तसे हे आहे. वॉकरने १९२०च्या दशकातील निबंधांत याला ‘दक्षिणी आंदोलन’ असे नाव दिले. हे का घडते हे मात्र त्याला सांगता आले नाही, म्हणून अनेकांनी या शोधाकडे संशयाने पाहिले. वॉकर १९५८ मध्ये वारला.

त्याच सुमारास, १९५७-५८ मध्ये, आंतरराष्ट्रीय भूभौतिक वर्षानिमित्त जगभर निरीक्षणे वाढवली गेली होती आणि योगायोगाने त्याच वेळी प्रशांत महासागराचे पाणी नेहमीपेक्षा तापले होते. पेरूच्या किनाऱ्यावरील कोळी नाताळच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला फार पूर्वीपासून ‘एल निनो’ म्हणत होते. याकब ब्यर्कनेस या शास्त्रज्ञाने १९६९ मध्ये दाखवून दिले, की समुद्राचे तापणे आणि वॉकरचे दक्षिणी आंदोलन या एकाच घडामोडीच्या दोन बाजू आहेत. विषुववृत्तालगत पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या हवेच्या चक्राला त्याने ‘वॉकर अभिसरण’ असे नाव दिले. एल निनोच्या वर्षी भारतात पाऊस कमी होण्याचा धोका का वाढतो, याचे कारण आता समजू लागले.

विचार करा. शिमल्यात मांडलेल्या आकड्यांना अर्थ मिळायला चार दशकांहून अधिक काळ लागला, आणि त्यासाठी पेरूच्या कोळ्यांचे अनुभवाचे ज्ञान, महासागरातील निरीक्षणे आणि भौतिकशास्त्रातील स्पष्टीकरण या तिन्हींची गरज पडली. नोंदी आणि गणिते छापून जपून ठेवली नसती, तर जोडण्यासाठी काही उरलेच नसते.

८. पुणे, सोळा घटक आणि २००२

१९२८ मध्ये हवामान विभागाचे मुख्यालय शिमल्याहून पुण्याला आले. १९४४ मध्ये ते दिल्लीला गेले, तरी पुण्यातील काम चालू राहिले. पुण्यातच १९३२ मध्ये एल. ए. रामदास यांच्या नेतृत्वाखाली कृषी हवामान शाखा सुरू झाली आणि १९४५ पासून शेतकऱ्यांसाठी हवामान वार्तापत्र दिले जाऊ लागले. वायुदाब आणि टक्केवारीची भाषा पेरणी, फवारणी, काढणी यांच्या भाषेत आणणे हेही ज्ञाननिर्मितीचेच काम आहे. ऐकणाऱ्याला त्यावरून काही ठरवता आले नाही, तर अंदाज अचूक असूनही निरुपयोगी ठरतो.

१९८७ च्या मोठ्या दुष्काळानंतर १९८८ मध्ये नवी पद्धत आली. पुण्यात जन्मलेले शास्त्रज्ञ वसंत गोवारीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी समुद्राचे तापमान, वायुदाब, वारे, बर्फ अशा सोळा घटकांवर आधारलेले प्रतिमान तयार केले. सुमारे चौदा वर्षे या प्रतिमानाने दिलेले अंदाज मोठ्या प्रमाणावर स्वीकारले गेले. या काळात देशव्यापी दुष्काळ पडला नाही. १९९७ मध्ये अतिशय तीव्र एल निनो असूनही भारतात पाऊस सरासरीइतकाच झाला, त्यामुळे एल निनो आला की दुष्काळ ठरलेलाच, हा ढोबळ नियमही चुकीचा ठरला.

२००२ साठी सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज होता. प्रत्यक्षात जुलैमध्ये पाऊस नेहमीच्या जवळजवळ निम्माच झाला आणि हंगाम ८१ टक्क्यांवर संपला. खरिपाचे मोठे नुकसान झाले. १८९९ नंतर १०३ वर्षांनी विभाग पुन्हा त्याच जागी उभा होता : सामान्य पावसाचा अंदाज आणि प्रत्यक्षात दुष्काळ.

या वेळी प्रतिसाद वेगळा होता. अंदाज गुप्त ठेवले गेले नाहीत. सोळा घटकांपैकी कोणते कमजोर झाले याची तपासणी झाली, २००३ मध्ये कमी घटकांची नवी प्रतिमाने आली आणि अंदाज दोन टप्प्यांत देण्यास सुरुवात झाली. एका आकड्याबरोबर कोणत्या गटात पाऊस पडण्याची किती शक्यता आहे, हेही सांगितले जाऊ लागले. २००४ आणि २००९ च्या कमी पावसाचा वेध या नव्या पद्धतींनाही आधी नीट घेता आला नाही. २०१२ मध्ये सुरू झालेल्या मान्सून मोहिमेतून महासागर आणि वातावरण यांची एकत्रित गणिती प्रतिमाने विकसित करण्यावर भर दिला गेला. त्यात पुण्यातील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचा मोठा सहभाग आहे.

आज बातमीत ‘९६ ते १०४ टक्के, म्हणजे सामान्य मान्सून’ असे तुम्ही ऐकता. त्यामागे १९७१ ते २०२० या पन्नास वर्षांतील जून ते सप्टेंबरची देशाची सरासरी, म्हणजे ८७ सेंटिमीटर, हे मोजमाप आहे. पण हा देशाचा आकडा आहे. तुमच्या गावाबद्दल तो फारसे काही सांगत नाही, हे वाईच्या उदाहरणावरून तुमच्या लक्षात आले असेल.

९. या इतिहासातून काय दिसते?

आता सुरुवातीच्या त्रिकोणाकडे परत येऊ. विदा साठवली की ज्ञान आपोआप वर येते, असे या इतिहासात एकदाही घडले नाही. प्रत्येक पायरीवर कोणीतरी जाणीवपूर्वक काम केले, तेव्हाच पुढे जाता आले.

पहिले, नोंदी तुलनायोग्य कराव्या लागल्या. दुसरे, त्यांना नेमका प्रश्न विचारावा लागला, आणि प्रश्न बदलला तेव्हा जुन्या नोंदींतूनही नवे उत्तर निघाले. तिसरे, उत्तर व्यक्तीच्या डोक्यातून काढून संस्थेच्या कागदावर आणावे लागले. चौथे, ते उत्तर घटना घडण्यापूर्वी जाहीर करून कसोटीला लावावे लागले. पाचवे, चुकांचा हिशेब जपावा लागला. सहावे, निघालेले ज्ञान वापरणाऱ्याच्या भाषेत पोहोचवावे लागले.

यांतील पाचवी गोष्ट संस्थांना सर्वांत जड जाते. यशस्वी अंदाजांच्या फायली कोणीही जपतो. परंतु १८९९ मुळे वॉकरची पद्धत आली आणि २००२ मुळे शक्यतेच्या भाषेत बोलणारे अंदाज आले. तुम्ही पुढे बँकेत, रुग्णालयात, जिल्हा परिषदेत किंवा एखाद्या कंपनीत काम कराल, तेव्हा तेथे विदेचा तुटवडा बहुधा नसेल. त्या वेळी दोन प्रश्न जरूर विचारा. आपण केलेले अंदाज आणि प्रत्यक्ष घडलेले यांची नोंद येथे शेजारी शेजारी ठेवली जाते का? आणि ती पाहण्याची मुभा कोणाला आहे? १८७७ च्या अनुभवावरून दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच महत्त्वाचा आहे, हे तुम्ही पाहिलेच आहे.

१०. सारांश

विदा म्हणजे सुट्या नोंदी, माहिती म्हणजे त्यांची अर्थपूर्ण मांडणी आणि ज्ञान म्हणजे कसोटीला उतरलेली, कृतीसाठी उपयोगी पडणारी समज. भारतीय हवामान विभागाने १८७५ पासून मोजमापाची शिस्त आणली, १८८६ पासून मान्सूनचे नियमित अंदाज दिले, १८९९ च्या अपयशानंतर गणिती पद्धत स्वीकारली आणि २००२ नंतर ती पुन्हा तपासली. वॉकरला हवा होता तो अंदाज मिळाला नाही, पण जपलेल्या नोंदींतून दक्षिणी आंदोलनाचा शोध लागला आणि त्याचा अर्थ पुढच्या पिढीला उमगला.

स्वाध्याय

१. विदा, माहिती आणि ज्ञान यांतील फरक तुमच्या महाविद्यालयाच्या हजेरीपटाचे उदाहरण घेऊन स्पष्ट करा.

२. एलियट आणि वॉकर यांच्या अंदाज करण्याच्या पद्धतींची तुलना करा. संस्थेच्या दृष्टीने वॉकरच्या पद्धतीचा कोणता फायदा होता?

३. ‘अनेक सहसंबंध तपासले तर काही योगायोगाने मोठे येतात.’ हे विधान तुमच्या विषयातील उदाहरणाने समजावून सांगा.

४. १८७६-७८ च्या दुष्काळात हवामान विभाग, डॉ. कॉर्निश आणि पुण्याची सार्वजनिक सभा यांनी गोळा केलेल्या विदेत काय फरक होता? ती कोणाच्या उपयोगाची होती?

५. तुमच्या तालुक्यातील तहसील कार्यालयात किंवा जवळच्या वेधशाळेत जाऊन गेल्या दहा वर्षांच्या जून महिन्यातील पावसाच्या नोंदी मिळवा. त्यांची सरासरी काढा, आणि त्या सरासरीत कोणती गोष्ट दिसेनाशी होते ते पाच ओळींत लिहा.